दिवाळीनंतर पाणी तोडा: देशी ऑर्किडवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सीतेची वेणी या आपल्या देशी ऑर्किडचा फोटो छापला आणि त्यावर इतकी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप आले की यावेळचा अख्खा कॉलम ऑर्किडलाच द्यावा लागतोय, गुलाबवाल्यांनी रागावू नये. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे, की दुकानातून आणलेलं फॅलेनॉप्सिस फुलं गळाली की मान टाकतं, मग आपल्या सह्याद्रीतली ऑर्किडं घरी टिकतील का. टिकतात हो. ती चिवट असतात, पण त्यांचा चिवटपणा दुष्काळ सोसण्यातला आहे, बारमाही पाणी सोसण्यातला नाही, आणि घरात मेलेली बहुतेक देशी ऑर्किडं मायेने पाणी घालून घालून मेलेली असतात. खालच्या उत्तरांत हे परत परत येईल, कंटाळलात तरी चालेल.

ताई, माझ्याकडे पांढऱ्या फुलाचं देशी डेंड्रोबियम आहे, नर्सरीवाल्याने चिठ्ठीवर बार्बाट्युलम असं लिहून दिलंय. पावसाळ्यात मस्त हिरवंगार होतं. दिवाळी झाली आणि पानं पिवळी पडून गळायला लागली, आता नुसत्या काड्या उरल्यात. रोज पाणी घालतेय, खतपण दिलं, तरी गळती थांबत नाही. मेलं का? (पुणे)

मेलं नाही, पण रोज पाणी चालू ठेवलंत तर मरेल. आधी ते पाणी थांबवा आणि मग पुढचं वाचा.

हे झाड जिथलं आहे तिथे पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरात आटोपतो, नंतरचे सात-आठ महिने आभाळातून एक थेंब नाही. आंबोलीला, महाबळेश्वरला चार महिन्यांत हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि जानेवारीत त्याच फांदीवरचं शेवाळ चुरगाळलं तर भुगा होतो. या झाडाने त्यावर काढलेला उपाय म्हणजे त्या काड्या. पावसाळ्यात त्यात पाणी आणि अन्न भरून ठेवायचं, पाऊस गेला की पानं टाकून द्यायची म्हणजे पानांवाटे उडणारं पाणी वाचलं, आणि मग नागड्या काडीवर फुलायचं. बार्बाट्युलम साधारण जानेवारी ते मार्च या काळात फुलतं, त्याची जवळची बहीण डेंड्रोबियम ओव्हेटम थोडी आधी, डिसेंबरच्या सुमाराला सुरू होते. म्हणजे तुमच्या झाडाची पानं गळणं हा आजार नाहीये, फुलांची तयारी आहे, आणि नेमकं याच वेळी आपण घाबरून पाणी आणि खत ओततो. मग एक तर काड्या बुडातून सडतात, नाहीतर कळीच्या जागी पानांचा कोंब निघतो आणि त्या वर्षीची फुलं गेली.

जिवंत आहे का ते बघायला काडी दोन बोटांत धरून हलकेच दाबा. टणक लागली, वरून थोडी सुरकुतली असली तरी जिवंत आहे. मऊ लागली आणि दाबल्यावर तपकिरी पाणी आलं तर तेवढी काडी सडलीय, ती बुडापासून कापून टाका. बाकीच्यांना आठ-दहा दिवसांतून एकदा सकाळी स्प्रे मारा, इतकाच की त्या अगदी सुतळीसारख्या होऊ नयेत. खत आता थेट जूनमध्ये. झाड मात्र उजेडात हलवा, थंडीतलं सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास मिळालं तर उत्तमच. सांध्यांवर कळ्यांचे बारीक दाणे दिसायला लागले की स्प्रे थोडा वाढवा. आणि फुलं झाल्यावर जुन्या काड्या "वाळक्या दिसतात" म्हणून कापू नका, नवीन कोंब त्यांच्यावरच पोसला जातो.

आमच्या कलमांवर जाड पानांची झुडपं वाढलीत, त्यांना मे महिन्यात पिवळट फुलं येतात. सासरे म्हणतात बांडगूळ आहे, काढून टाका नाहीतर आंबा वाळेल. मला ते ऑर्किड वाटतंय. कोण बरोबर? (चिपळूण)

फोटो बघितला, तुम्ही बरोबर आहात. सासऱ्यांना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तरी त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाहीये, कारण बांडगूळ खरंच आंब्याचं नुकसान करतं. ते फांदीत चोषक मुळं घुसवून आतलं पाणी आणि क्षार खेचतं, आणि जिथे चिकटतं तिथे फांदीला गाठ येते. नीट बघितलं तर बांडगुळाला लाकडी फांद्या असतात आणि केशरी-लाल नळीसारखी फुलं. ऑर्किडची मुळं फांदीच्या आत जात नाहीत, सालीवरून पसरतात, पांढरट, दोरीसारखी, नखाने हलकेच उचकटली तर खाली साल अख्खी दिसते. त्याला झाडाकडून फक्त जागा हवी असते, पाणी ते पावसाचं आणि दवाचं घेतं, अन्न स्वतःच्या पानांत करतं.

कोकणात बागा सफाईला देतात तेव्हा गडी बांडगूळ आणि ऑर्किड दोन्ही एकाच कोयत्याने उतरवतात, आणि आंब्यांवरची कानभेर आणि सीतेची वेणी ही ऑर्किडं अशीच गेलीत. यंदा सफाईच्या दिवशी तुम्ही झाडाखाली उभ्या राहा आणि कुठलं काढायचं नाही ते बोटाने दाखवा. एखाद्या बारीक फांदीवर फारच ओझं झालं असेल तर तेवढा गड्डा सोडवून खोडावर बांधा, मेच्या शेवटी.

नागपूरला ऑर्किड जगेल का? इथे मे महिन्यात ४५-४६ डिग्री होते. सगळे म्हणतात नाद सोड. (नागपूर)

सगळे जण थंड हवेतल्या हायब्रिडबद्दल बोलतायत. तुमच्या विदर्भाच्या जंगलात मोहावर आणि आंब्यावर व्हांडा टेसेलाटा वर्षानुवर्षं राहतंय, तेच ते रास्ना नावाने औषधात वापरतात ते. त्याला ४५ डिग्रीचं कौतुक नाही. फूल हिरवट-पिवळ्या रंगाचं, आत तपकिरी जाळी आणि ओठ निळा-जांभळा, वास गोड. दिसायला दुकानातल्या व्हांड्यासारखं भडक नाही, मला तेच आवडतं, पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तुमच्याकडे उष्णतेपेक्षा कोरडी हवा त्रास देते. म्हणून झाड कुंडीत कोंबू नका, लाकडाच्या ओंडक्यावर किंवा बिनमातीच्या जाळीदार टोपलीत टांगा, आणि मार्च ते जून ५० टक्क्यांची हिरवी नेट वर लावा. खिडकीत कूलर असेल तर झाड त्याच्या झोतात आणू नका, पण त्याच खोलीच्या बाहेर, जिथे कूलरच्या टपातलं पाणी सांडून जमीन ओली राहते, तिथे वर टांगलंत तर दुपार बरी जाते. पाणी सूर्य वर यायच्या आधी, मुळांना भरपूर. मुळं कोरडी असताना चंदेरी-पांढरी दिसतात कारण त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं. पाणी पडलं की तुमच्या डोळ्यांदेखत ती हिरवी होत जातात, आधी ठिपके ठिपके आणि मग सगळी. पूर्ण हिरवी झाली की पोट भरलं, थांबा. पुन्हा पांढरी व्हायच्या आत परत पाणी नाही. एवढी एक गोष्ट बघायला शिकलात तर "किती मिली पाणी" हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारणार नाही.

दुपारी १२ ते ४ मध्ये पाणी अजिबात नाही, पाइपातलं पाणीच उकळतं असतं तेव्हा.

आरओचं वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी ऑर्किडला चालेल का? (पनवेल)

आरओचं नको, त्यात तुमच्या पाण्यातले सगळे क्षार गोळा होऊन आलेले असतात, लादी पुसायला वापरा. एसीचं पाणी हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार नसल्यासारखेच, नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून चालतं. सगळ्यात चांगलं गच्चीवरून पकडलेलं पावसाचं पाणी. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि पानांवर पांढरी पुटं चढत असतील तर आठवड्यातून एकदा तरी पावसाच्या किंवा एसीच्या पाण्याने मुळं धुवून काढा.

वादळात आमच्या कुळागरातली (बागायतीतली) फणसाची फांदी पडली, तिच्यावर सीतेची वेणी आहे, मुळं बरीच तुटलीत. आता ती घराजवळच्या झाडावर लावायची आहे. माडावर लावू की चाफ्यावर? आणि कशी बांधायची, खाली शेण-माती लिंपू का? (सत्तरी, गोवा)

शेण-माती अजिबात नको. या झाडाच्या मुळांना हवा लागते, मातीत ती गुदमरतात.

चाफ्यावर लावा. म्हणजे देवचाफा, सोनचाफा नव्हे. देवचाफ्याची पानं थंडीत झडतात, त्यामुळे सीतेच्या वेणीला नेमका हवा तेव्हा उजेड मिळतो, आणि पावसात वर छत्री असते. आंबा, फणस, चिकूही चांगले. जंगलात ही मंडळी ऐनाच्या खरबरीत सालीवर फार खूष असतात. पेरू आणि निलगिरी नको कारण त्यांची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर तुमचं ऑर्किडपण. माडावर होतं, पण वर नारळ उतरवायला माणूस चढतो आणि त्याच्या पायाखाली काय येतं ते तो बघत नाही.

आता बांधायचं. तुटलेली, पोकळ झालेली, दाबल्यावर पिचणारी मुळं धारदार कात्रीने कापा, टणक असतील ती लांब असली तरी ठेवा. फांदीचा तुकडा मुळांना चिकटलेला असेल तर तो ओढून काढू नका, तुकड्यासकट बांधा. झाड एक दिवस सावलीत कोरडं होऊ द्या म्हणजे कापलेल्या जागा सुकतात. मग खोडाच्या उत्तर किंवा पूर्व अंगाला, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला, जुन्या सुती लुगड्याच्या नाहीतर धोतराच्या पट्टीने घट्ट बांधा. हलता कामा नये, कारण नवीन मुळाचं हिरवं टोक सालीवर घासलं की तिथेच थांबतं. सुती पट्टी वर्षाभरात कुजून आपोआप पडते, तोपर्यंत मुळांनी खोड धरलेलं असतं. तांब्याची तार वापरू नका, तांबं या मुळांना विषासारखं आहे. नायलॉनची दोरीही नको, ती खोडाला कापते.

आणि झाड ताठ उभं नको, थोडं पुढे झुकलेलं लावा. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचून राहिलं की आषाढात कोंब सडतो, झुकलेलं असेल तर पाणी निथळून जातं. जंगलात बघा, ही वेणी कधी लष्करी शिस्तीत उभी नसते, कलंडलेलीच असते.

बांधायला सगळ्यात चांगली वेळ मेचा शेवट ते जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे लगेच पावसात मुळं धावतात. तुमची फांदी आता पडलीच आहे तर थांबायला नको, पण पाऊस येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. पहिल्या वर्षी फूल मागू नका. मूळ धरलं की पुढे मे-जूनमध्ये तो गुलाबी-पांढरा गजरा लोंबेल, चांगल्या जुन्या झाडाला एका गजऱ्यात शंभरावर फुलं असतात. आसाममध्ये हेच कपौ फूल, बिहूला बायका केसात माळतात, तिथलं राज्यफूल आहे ते.

कुळागरातली फांदी तुमच्या मालकीची, म्हणून हे सगळं निवांत सांगतेय. जंगलातून उचललेली असती तर उत्तर वेगळं असतं, ते खाली येतंच आहे.

आमच्या सड्यावर (जांभ्याच्या कातळपठारावर) पावसात पांढऱ्या फुलांची छोटी ऑर्किडं येतात, एकच पान जमिनीला चिकटलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी काही कंद उकरून कुंडीत लावले, एकदा फुलले आणि मग आलेच नाहीत. कुंडीत काय कमी पडतं? शिवाय यंदा कास बघायला गेलो होतो, तिथे हबेनारिया या जमिनीवरच्या ऑर्किडचे कितीतरी प्रकार आहेत. तिथून एखादा कंद आणला तर? (रत्नागिरी)

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर सोपं, नाही. कासचं पठार राखीव जंगल आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. राखीव जंगलातून झाड उपटणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव कायदापण लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो कंद तुमच्याकडे जगणार नाहीये, मग कशाला.

का जगत नाही ते बघू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तुमचं ते एकपानी ऑर्किड म्हणजे बहुतेक हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, पहिल्या पावसाबरोबर येणारं. याचा जमिनीखालचा कारभार मजेशीर असतो. श्रावणात एखादं अलगद उकरलं असतं तर दोन कंद दिसले असते, एक मळकट, सुरकुतलेला, रिकामा होत चाललेला, ज्याच्या जिवावर यंदाचं पान आणि फूल आलं, आणि शेजारी एक पांढरा टणक नवीन, जो पुढच्या वर्षासाठी भरतोय. पान जितके दिवस हिरवं तितका नवा कंद भरणार. फुलात असताना उपटलं की जुना संपलेला आणि नवा अर्धाच, म्हणून पुढच्या वर्षी एकदा तरी कसंबसं येतं नाहीतर येतच नाही. दुसरं म्हणजे या ऑर्किडांचं मातीतल्या एका प्रकारच्या बुरशीशी साटंलोटं असतं, ती मुळांत शिरून त्यांना अन्न पुरवते. तुम्ही कुंडीत कोकोपीट आणि गांडूळखत भरलंत, ही बुरशी तिथे कुठून येणार. तिसरं, कुंडीला तुम्ही हिवाळ्यातपण सवयीने पाणी घातलंत. सड्यावर ऑक्टोबर ते मे जमीन भाजून निघते आणि कंद आत गाढ झोपलेला असतो. कुंडीत ओल्या मातीत झोपलेला कंद कुजतो.

तुमचा सडा तुमच्या मालकीचा असेल तर माझं ऐका, कुंडीचा विचार सोडून द्या, सडाच बाग समजा. जूनमध्ये पानं दिसली की आजूबाजूला जांभ्याचे चार दगड ठेवून जागा खुणावून ठेवा. गवत कापायची घाई करू नका, ऑक्टोबरमध्ये शेंगा तडकून बी उडाल्यावर कापा, आणि कापाल तेव्हा ब्रश कटर जमिनीपासून चार बोटं वर धरा. तणनाशक तर मुळीच मारू नका, त्या एका फवाऱ्याने पानं जातात आणि मग कंद भरायचाच राहतो. गुरं मेपर्यंत चरली तरी चालतील, उलट गवत फार दाट झालं तर हे पान उजेडाविना गुदमरतं. ज्यांनी सड्याला "पडीक" म्हणून लाल माती टाकून लॉन केलंय त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

घराच्या कडेला सावलीत काही हवंच असेल तर जिओडोरम बघा, ज्याचा फुलांचा तुरा छत्रीच्या मुठीसारखा खाली वळतो, किंवा अमरकंद. ही दोन्ही बागेत त्यातल्या त्यात जमवून घेतात. जागा अशी निवडा की पाणी साचणार नाही, माती मुरमाड, वर झाडाच्या पानांचा पाचोळा, आणि दिवाळीनंतर तिकडे पाइप वळवायचा नाही.

ऑगस्टमध्ये एरिडिस या ऑर्किडच्या मधल्या पानाला काळा ठिपका आला, दोन दिवसांत पान हात लावताच निसटून आलं, वास येतोय. हळद लावली. शिवाय कळ्या रात्रीत कोणीतरी कुरतडतंय. (सावंतवाडी)

कोंब सडलाय. पाणी साचलं, वारा नाही, आठ दिवस ऊन नाही, की हे होतं. हळद लावून बिघडत नाही, पण आत पाणी तसंच असेल तर काही होतही नाही. ब्लेड गॅसवर तापवून घ्या आणि काळा भाग संपून पुढे बोटभर हिरवा भाग जाईपर्यंत कापा, जीव खाली-वर झाला तरी कापा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, मुळांवर सांडू देऊ नका, ती मुळं सुकवते. मग पावसाच्या आडोशाला, वाऱ्यात आडवं टांगा. पसरत असेल तर मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेब एकत्र असलेली बुरशीनाशक पावडर लिटरला दोन ग्रॅम फवारा, हातमोजे घालून. मधला कोंब गेला तरी खोड टणक असेल तर बाजूने पिल्लू फुटू शकतं, टाकून देऊ नका.

कुरतडणारी गोगलगाय आहे, बिनशंखाचीपण असते. रात्री दहाच्या पुढे टॉर्च घेऊन जा, सापडेल. झाडाखाली ओलं गोणपाट पसरून ठेवा, पहाटे ते उलटं केलं की खाली सगळी फौज जमलेली असते, गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ झाडाजवळ नको. विषारी गोळ्या टाकू नका, कुत्रं-मांजर खातं.

शेंग पिकून फुटली, आत पिवळसर भुकटी होती. शाळेतल्या मुलांबरोबर ती कुंडीत पेरली, काहीच उगवलं नाही. बी वांझ असतं का? (सातारा)

वांझ नाही, पण उपाशी. मुगात, हरभऱ्यात कोंबाला पुरेल इतकी शिदोरी असते, ऑर्किडच्या बीत ती नसतेच, म्हणून तर ते भुकटीइतकं हलकं असतं आणि एका शेंगेत लाखांनी मावतं. वाऱ्यावर उडायचं, योग्य सालीवर पडायचं, तिथे ती मघाची बुरशी भेटायची आणि तिने पोसायचं, असं सगळं जुळलं तर एखादं रुजतं. १९२२ साली नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या पदार्थावर) बुरशीशिवायही हे बी रुजतं, आजची बहुतेक नर्सरीतली ऑर्किडं त्याच वाटेने काचेच्या बाटलीतून येतात. घरी ते जमत नाही, बाटलीत आधी दुसरीच बुरशी वाढते.

मुलांबरोबर करायचंच असेल तर पुढची शेंग तडकायच्या बेतात आली की त्याच झाडाच्या आसपासच्या खरबरीत, शेवाळलेल्या सालीवर, आईच्या मुळांच्या अगदी जवळ ती भुकटी चोळा, पावसाच्या तोंडाला. आणि मुलांना खरं सांगा की ते सहावीत आहेत आणि काही दिसलंच तर दहावीत दिसेल. भिंगातून बी मात्र आत्ता दाखवा, प्रत्येक कणाभोवती पातळ जाळीचा पंख असतो.

ऑनलाइन एक जण "सह्याद्री जंगली ऑर्किड, पाच गड्डे ५०० रुपये" असं विकतोय. घ्यावं का? नर्सरीतलं आहे म्हणतो. (ठाणे)

घेऊ नका. नर्सरीत वाढवलेलं देशी ऑर्किड ओळखू येतं, सगळी रोपं साधारण एका वयाची, मुळं जाळीच्या कुंडीच्या आकारात वळलेली, पानं स्वच्छ, नाव लिहिलेली पट्टी. जंगलातून ओरबाडलेलं वेगळं दिसतं, मुळं एका बाजूने चपटी कारण ती फांदीला चिकटलेली होती, टोकं तुटकी, मध्ये सालीचे कपचे आणि दगडफुलाचे तुकडे, पानांवर वर्षानुवर्षांच्या किडीच्या खुणा. किलोवर किंवा गड्ड्यावर विकतायत म्हणजे तर विषयच संपला. तुमच्या फोटोत मला सालीचा कपचा स्पष्ट दिसतोय.

सीतेची वेणी, व्हांडा, एरिडिस, डेंड्रोबियम यांची बाटलीतून वाढवलेली रोपं आता मिळतात, महाग पडतात, लहान असतात, फुलायला तीन-चार वर्षं घेतात. विकणाऱ्याला सरळ विचारा, फ्लास्क (रोपांची बाटली) कुठून आणलास. खऱ्या नर्सरीवाल्याला या प्रश्नाचा आनंद होतो, दुसरा रिप्लाय देत नाही.

आम्ही न्यू जर्सीत असतो. गावाहून आईच्या अंगणातली सीतेची वेणी बॅगेतून आणता येईल का? इथे बाहेर जगेल? (न्यू जर्सी, अमेरिका)

दोन्ही प्रश्नांना नाही. ऑर्किडचं अख्खं कुळ साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात येतं, सरहद्द ओलांडायला परवाना आणि झाड निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो, नसेल तर एअरपोर्टवर काढून घेतात. आणि बर्फात ती एक रात्रही काढणार नाही.

पण तुमच्या अंगणात तिथलीच ऑर्किडं बाहेर जमिनीत राहतात. स्पायरँथिस ओडोराटा लावा, तिचा चॅड्स फोर्ड नावाचा प्रकार तिकडच्या नर्सऱ्यांत मिळतो, ओलसर जागा आणि ऊन दिलं की शरद ऋतूत पांढऱ्या फुलांची पिळदार दांडी येते, वासाची. ती जमली की मग सायप्रिपेडियम, म्हणजे लेडीज स्लिपर, पण प्रयोगशाळेत वाढवलेलीच घ्या. जंगलातलं गुलाबी लेडीज स्लिपर कोणी देऊ केलं तरी नको, त्याला आम्लधर्मी माती आणि स्वतःची बुरशी लागते, अंगणात ते दोन-तीन वर्षांत संपतं. मिनेसोटाचं राज्यफूल याच कुळातलं आहे आणि तिथे ते तोडायला १९२५ पासून बंदी आहे. आपली हबेनारिया उन्हाळाभर झोपते, तुमची ही बर्फाखाली झोपतील. डिसेंबरात काही दिसत नाही म्हणून उकरून बघू नका, तिथेपण आणि इथेपण.

एरिडिसला चार वर्षं झाली, पानं लांब, गडद हिरवी, झाड एकदम तब्येतीत. फूल मात्र एकही नाही. कुठलं खत देऊ? (नाशिक)

खत नको, उजेड द्या. गडद हिरवी, लांब, लोळणारी पानं म्हणजे झाड सावलीत आरामात आहे, त्याला फुलायची गरजच वाटत नाहीये. फुलणाऱ्या एरिडिसची पानं पोपटी, आखूड, कडेला जांभळट झाक असलेली असतात. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करत सकाळच्या उन्हाकडे सरकवा, एकदम उन्हात नेलंत तर पानं भाजतील. खत फक्त जून ते सप्टेंबर, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, पावसाची उघडीप बघून. ऑक्टोबरपासून खताचा डबा माळ्यावर टाका, पाणी कमी करा, आणि थंडीत रात्री झाड बाहेरच राहू द्या, नाशिकची थंडी त्याला चालते. मार्चमध्ये पानांच्या बेचक्यात चपटं टोक दिसलं तर ते फूल, गोल हिरवं चकचकीत टोक दिसलं तर ते मूळ.